सर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलतात, मॅडम लॉगबुकवर सही देत नाहीत: मेडिकलच्या मुलांनी तक्रार नेमकी करायची कुठे आणि कशी

माझी भाची एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नवी मुंबईतल्या एका कॉलेजात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिला अजून तिथूनच पास व्हायचंय. मध्यंतरी एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला, ठाण्याच्या लोकलमधून, रबाळे गेलं होतं, मागे ऐरोलीची अनाउन्समेंट चालू होती आणि ही नुसती "मावशी" म्हणाली आणि गप्प. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी वॉर्डात राउंड चालला होता, केस सांगताना हिची हिस्ट्रीतली एक तारीख चुकली, तर सरांनी हिच्या हातातलं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंद करून शिक्षकांची सही घ्यायची वही, घेऊन भिरकावलं, ते शेजारच्या बेडखाली गेलं, बेडपॅनला लागून. वीसेक मुलं, दोन सिस्टर, वॉर्डातले सगळे पेशंट बघतायत आणि ही गुडघ्यावर बसून बेडखालून वही काढतेय. त्या बेडवरच्या आजींनी वही तिच्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि परत दिली. वर सर म्हणाले, तुझी टर्म कशी ग्रँट होते बघतोच. टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. त्याआधीही सहा आठवडे तिच्या लॉगबुकवर सही नव्हतीच.

तिचा प्रश्न एकच होता. "सांगू कुणाला? हेड तर तेच आहेत."

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, नौपाड्यात बारा वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि रेसिडेन्सीत, म्हणजे पीजी करता करता हॉस्पिटलची ड्युटी करायच्या वर्षांत, आम्ही सगळ्यांनी हे सोसलंय, पण याची तक्रार करता येते, त्याला नियम आहेत, मुदती आहेत, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मग पुढचे आठ-दहा दिवस नियम वाचले, ठाणे कोर्टात काम करणाऱ्या एका वकील मैत्रिणीला भंडावलं, एका कॉलेजच्या कमिटीवर बसलेल्या जुन्या सरांशी बोलले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण ठाणे आणि नवी मुंबईत एवढी मेडिकल कॉलेजं आहेत आणि हा प्रश्न फक्त माझ्या भाचीचा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. कडक शिक्षक म्हणजे त्रास देणारा शिक्षक नव्हे. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, घाम फोडणारे प्रश्न विचारले, केस नीट पाहिली नाही म्हणून परत पाठवलं, हजेरी थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते ती भरली नाही म्हणून अडवलं, तर यात तक्रारीचं काही नाही, उलट पेशंटच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण आई-बापावरून, जातीवरून, रंगावरून, भाषेवरून बोलणं, अंगावर वस्तू फेकणं, हात उगारणं, सही अडवून ठेवून स्वतःची घरची किंवा बँकेची कामं करून घेणं, मुद्दाम छत्तीस-छत्तीस तास ड्युटी लावणं, नको तिथे हात लावणं, रात्री नको ते मेसेज टाकणं, टर्मसाठी पैसे मागणं, हे शिकवणं नाही. फरक ओळखायचा सोपा मार्ग मला त्या जुन्या सरांनी सांगितला: त्या वागण्यातून मुलगा काय शिकला ते एका वाक्यात सांगता आलं तर तो कडकपणा, सांगता आलं नाही तर तो छळ. मला हे पटलं.

आता मुलं बोलत का नाहीत याचं कारण समजून घ्या, कारण त्याच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. बाकीच्या कॉलेजात मास्तर त्रास देतो आणि पेपर तिसराच कुणीतरी तपासतो. मेडिकलला तसं नाही. जो माणूस राउंडला बोलतो तोच इंटर्नलचे मार्क देतो, लॉगबुकवर सही करतो, पोस्टिंग संपल्याचा शेरा मारतो, परीक्षेला इंटर्नल एक्झामिनर म्हणून समोर बसतो. पीजीचं तर आणखी कठीण, थिसिस गाईडने सही केल्याशिवाय थिसिस जात नाही आणि थिसिस मंजूर झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे तीन वर्षांचं आयुष्य एका माणसाच्या पेनात. म्हणून "जा, तक्रार कर" एवढं सांगून भागत नाही. तक्रार करतानाच त्या माणसाच्या हातातून आपलं मूल्यमापन काढून घ्यायची मागणी करायची असते, आणि हे कुणालाच माहीत नसतं. त्यावर पुढे येते.

सगळ्यात आधी वही. नवीन वही घ्यायची किंवा स्वतःलाच ईमेल करायचा, ईमेल जास्त बरा कारण त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. ज्या दिवशी घडलं त्याच रात्री लिहायचं: तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत, शिवी असेल तर शिवीसकट, आजूबाजूला कोण होतं. "सर नेहमी अपमान करतात" या वाक्याला कमिटीपुढे काही किंमत नाही, "मंगळवारी सकाळी सव्वादहाला फीमेल मेडिसिन वॉर्डात बेड अकरापाशी सरांनी लॉगबुक फेकलं, तेव्हा अमुक-अमुक हजर होते" याला किंमत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज असतील तर स्क्रीनशॉट काढाच पण मूळ चॅट डिलीट करू नका आणि फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, कारण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याच्यासोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. एक मात्र सांभाळा, वॉर्डात रेकॉर्डिंग किंवा फोटो काढताना पेशंट, केसपेपर, रिपोर्ट यातलं काही येता कामा नये, नाहीतर तुमची तक्रार बाजूला राहते आणि पेशंटची प्रायव्हसी मोडली म्हणून तुमच्यावरच कारवाई सुरू होते. ड्युटीचा चार्ट, लॉगबुकची पानं, इंटर्नलचे मार्क यांचे फोटो काढून ठेवा. त्रासामुळे झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडे गेला असाल तर तो कागदही जपून ठेवा.

मग बघायचं की आपलं कॉलेज कुणाचं आहे. हे मुलांना पाठ असायला पाहिजे पण नसतं. कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज ठाणे महापालिकेचं आहे आणि विद्यापीठ म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ज्याला आपण एमयूएचएस म्हणतो. तिथला शिक्षक महापालिकेचा माणूस, म्हणून डीनच्या वर पाचपाखाडीला महापालिका मुख्यालय आहे, आयुक्त आहेत. नेरूळचं तेरणा खाजगी आहे पण तेही एमयूएचएसखालीच येतं. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम मात्र डीम्ड, म्हणजे ते स्वतःच विद्यापीठ, परीक्षाही त्यांचीच, तिथल्या मुलाने नाशिकला पत्र पाठवून काही उपयोग नाही, त्याचे कुलगुरू आणि लोकपाल तिथलेच. आणि कामोठ्याची आणखी एक गंमत नाही म्हणता येणार, गुंताच म्हणूया: पोलिस नवी मुंबई आयुक्तालयाचे पण जिल्हा रायगड, म्हणजे कलेक्टर ऑफिसचं काम असेल तर ठाण्याला नाही, अलिबागला.

आता दरवाजे. त्रास कसला आहे त्यावर दरवाजा ठरतो, आणि चुकीच्या दारावर दोन-तीन महिने घालवले की खऱ्या दाराची मुदत निघून जाते.

माझ्या भाचीसारखं प्रकरण असेल, म्हणजे अपमान, सही अडवणं, मार्कांत दुजाभाव, टर्मची धमकी, तर दार आहे विद्यार्थी तक्रार निवारण समितीचं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये यासाठी नियम काढलेत. कॉलेजात अशी समिती असली पाहिजे, ऑनलाइन तक्रार करायची सोय असली पाहिजे, समितीत एक तरी महिला आणि एक तरी एससी, एसटी किंवा ओबीसी सदस्य पाहिजे, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधीही. समितीने १५ कामाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि त्याची कॉपी विद्यार्थ्याला द्यायची. निकाल पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील. हा लोकपाल म्हणजे रिटायर्ड कुलगुरू, रिटायर्ड प्रोफेसर किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, कॉलेजच्या पगारावरचा माणूस नाही, आणि त्याने ३० दिवसांत निपटारा करायचा प्रयत्न करायचा असतो. एक मर्यादा लक्षात ठेवा, नुसतं "मला मार्क कमी दिले, पुन्हा तपासा" हे लोकपाल बघत नाही, भेदभाव झाला किंवा निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता झाली असं तुम्ही दाखवलंत तर बघतो. म्हणून अर्जात मार्कांवर भर न देता वागणुकीवर द्यायचा. आणि कॉलेजच्या वेबसाइटवर या समितीचं पान शोधा, पुष्कळदा ते कुठेतरी तळाशी असतं, सापडलं की त्याचा स्क्रीनशॉट काढा, सदस्यांची नावं त्यात असतात. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच समितीवर असतील तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की त्यांना या प्रकरणातून बाजूला ठेवावं.

लैंगिक त्रास असेल तर या समितीकडे जाऊच नका, सरळ अंतर्गत समितीकडे, ज्याला सगळे आयसी किंवा आयसीसी म्हणतात. इथे मी थोडं सविस्तर लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त दबाव येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहेच, शिवाय कॉलेजांसाठी यूजीसीचे वेगळे नियम आहेत २०१५ चे. मुदत तीन महिन्यांची, शेवटच्या घटनेपासून, आणि उशिराचं कारण लिहून दिलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीची अध्यक्ष सीनियर महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य पाहिजे, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही. कुलगुरू, डीन, रजिस्ट्रार, एचओडी यांनी या समितीवर बसायचंच नाही असं नियमात स्पष्ट लिहिलंय, तरी बसवलेले दिसतात, तेव्हा तपासा. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही यूजीसीच्या या नियमांत येतात, त्यामुळे "हे फक्त मुलींसाठी आहे" म्हणून कुणी परत पाठवलं तर ते चूक आहे. तुम्ही स्वतः लिहायच्या अवस्थेत नसाल तर मैत्रीण, नातेवाईक, सोबत शिकणारा कुणीही तुमच्या वतीने तक्रार देऊ शकतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

आणि आता तो मूल्यमापनाचा मुद्दा. चौकशी चालू असताना समितीकडे लेखी मागता येतं की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने माझी परीक्षा घेऊ नये, माझं काम तपासू नये, माझ्याबद्दल रिपोर्ट लिहू नये. हे २०१५ च्या नियमात आहे, मेहरबानी नाही. पोस्टिंग बदलून मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, त्या माणसाला लांब राहायला सांगा असंही मागता येतं. शंभरातल्या नव्वद मुली "माझी परीक्षा त्यांच्याच हातात आहे" म्हणून गप्प बसतात असं मला माझ्या बघण्यातून वाटतं, आणि नियमाने नेमकी तीच भीती दूर केलीय. पण मागितल्याशिवाय मिळत नाही. तक्रारीच्याच कागदावर, शेवटच्या परिच्छेदात, "चौकशी होईपर्यंत" असं लिहून मागा. अपमान-सही वगैरेच्या साध्या तक्रारीतही मी हेच वाक्य लिहायला सांगेन, तिथे कलम दाखवता येत नसलं तरी मागायला कुणी अडवत नाही, आणि मागितलेलं कागदावर राहतं.

मग येतं "मिटवून टाका". वरची मॅडम चहा पाजते, पाठीवर हात ठेवते, म्हणते करिअर आहे बाळा तुझं. कायद्यात तडजोड आहे, पण ती फक्त तक्रार करणाऱ्या बाईने स्वतः मागितली तरच, आणि पैसे देऊन तडजोड करताच येत नाही. "खोटी तक्रार केली तर तुझ्यावर कारवाई होईल" हीसुद्धा नेहमीची भीती घालतात. कायदा म्हणतो की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, मुद्दाम वाईट हेतूने खोटी केली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. हे वाक्य पाठ करून ठेवा. कॉलेजच्या मालकाविरुद्धच तक्रार असेल किंवा समितीच नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, ठाण्याची ठाण्याला आणि कामोठ्याच्या मुलीसाठी रायगडची. केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं पोर्टल आहे, तिथे टाकलेली तक्रारही पुढे पाठवली जाते.

त्रास देणारा शिक्षक नसून सीनियर असेल, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट पहिल्या वर्षाच्याला छळत असेल, तर ते रॅगिंग, कारण रेसिडेंटही विद्यार्थीच आहे. "रेसिडेन्सीत एवढं चालतं" हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आपल्या राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे: तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला सस्पेंड करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि प्रमुखाने दुर्लक्ष केलं तर त्यालाच रॅगिंगला मदत केली असं धरतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. देशपातळीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मेडिकल कॉलेजांसाठी एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, वेगळे रॅगिंगचे नियमही २०२१ पासून आहेत. आणि सीनियरचा त्रास शिक्षकांना माहीत असून ते गप्प बसत असतील, तर अर्जात तेही तारखेनिशी लिहा.

जातीवरून बोलणं हे वेगळंच आहे आणि ते गंभीर आहे. मुंबईत नायर हॉस्पिटलला जोडलेल्या टोपीवाला कॉलेजात गायनॅकच्या पीजीला असलेली डॉ. पायल तडवी, जळगावकडची, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली, २२ मे २०१९ ला गेली. तिच्या तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला, प्रकरण कोर्टात गेलं. तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की त्यांनी त्याआधी डिपार्टमेंटमध्ये सांगून पाहिलं होतं. मी तेव्हापासून कुणालाही "सांगितलं" या शब्दावर थांबू देत नाही, लेखी दिलं का, हेच विचारते. अशा प्रकरणात कॉलेजची समिती आणि पोलिस दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं, समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात गुन्हा नोंदवायच्या आधी प्राथमिक चौकशीची अट नाही. हेल्पलाइन १४५६६.

पैसे मागत असतील तर १०६४, अँटी करप्शन ब्युरो. महापालिकेच्या कॉलेजातला शिक्षक सरकारी नोकर आहेच, पण "आमचं डीम्ड आहे, आम्हाला हा कायदा लागत नाही" असं कुणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २०२० चा निकाल आहे, गुजरातमधल्या एका डीम्ड विद्यापीठाचा, तिथे एमबीबीएसच्या मुलीला परीक्षेला बसू द्यायला पैसे मागितल्याचा आरोप होता, आणि कोर्टाने सांगितलं की डीम्ड विद्यापीठही भ्रष्टाचारविरोधी कायद्यात येतं. फक्त पैसे देण्याआधी फोन करा, देऊन झाल्यावर नाही.

मारहाण, जीवे मारायची धमकी, अंगाशी झटापट हे असेल तर पोलिस. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू आहेत, त्याप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलिस स्टेशनला नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. घेतलाच नाही तर तेच लेखी डीसीपींकडे पाठवायचं. सोबत वकील पाहिजे आणि पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना आणि एससी-एसटीच्या मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

आता अर्ज. तो मी भाचीकडून लिहून घेतला तेव्हा पहिला मसुदा साडेचार पानांचा होता, सगळं मन त्यात ओतलेलं, आणि वाचताना मलाच रडू आलं, पण तो द्यायचा अर्ज नव्हता. शेवटी एक पान झालं. वर कुणाला, मग मी कोण, कुठलं वर्ष, रोल नंबर. मग घटना तारखेप्रमाणे, तीनच, ज्यांना साक्षीदार आहेत त्या. मग "या संदर्भात मी माझ्याकडील कागद सोबत जोडत आहे". मग काय पाहिजे ते: लॉगबुकची तपासणी दुसऱ्या शिक्षकांकडून व्हावी, इंटर्नल व्हायवा संबंधित शिक्षकांनी एकट्याने घेऊ नये, तक्रारीवर लेखी उत्तर मिळावं. विशेषणं सगळी काढली. "क्रूर", "राक्षसी" असलं काही नाही. तिला ते कोरडं वाटलं, म्हणाली यात मला काय वाटलं ते कुठे आलंच नाही. मी म्हटलं ते तू समितीसमोर बोल, कागदावर फक्त घडलेलं.

द्यायला गेली तर खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, मॅडम मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा. ठेवून जायचं नाही. दोन प्रती न्यायच्या, दुसऱ्यावर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचा. ही पाऊण तास उभी राहिली. तो म्हणाला असा शिक्का आम्ही विद्यार्थ्यांना देत नाही. हिने सांगितलं, मग इथूनच पोस्टात जाते आणि स्पीड पोस्टने पाठवते, पोचपावती माझ्याकडे राहील, आणि ईमेलही करते. शिक्का मिळाला. भांडण नाही, आवाज नाही, फक्त तिथून हलायचं नाही. ईमेल तरीही कराच, कॉलेजच्या अधिकृत आयडीवर, विद्यापीठाला कॉपी ठेवून. महापालिकेच्या कॉलेजात उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, अमुक आवक नंबरच्या तक्रारीवर काय कार्यवाही केली त्याच्या प्रती द्या म्हणून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फाइल धूळ खात पडलेली असेल तर या एका अर्जाने ती टेबलावर येते.

नाव न लिहिता तक्रार करावी का असं खूप जण विचारतात. निनावी पत्रावर चौकशी उभी राहणं फार कठीण, प्रश्न विचारायला समोर माणूसच नसतो. त्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून सही केली तर एकट्यावर राग काढता येत नाही. रेसिडेंट असाल तर मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, मुलांना सोबत घ्या, त्यांना या गोष्टींचा अनुभव असतो. एनएमसीच्या मानसिक आरोग्यावरच्या टास्क फोर्सच्या २०२४ च्या रिपोर्टने रेसिडेंटची ड्युटी आठवड्याला ७४ तासांवर जाऊ नये आणि एक दिवस सुट्टी मिळावी असं सुचवलंय, ही शिफारस आहे, पण ड्युटीच्या तक्रारीत ती नमूद केली की समोरच्याला "सगळीकडे असंच असतं" म्हणता येत नाही. तक्रारीनंतर मुद्दाम जास्त ड्युटी लावली, हजेरी कापली, तर ती वेगळी घटना, वेगळी तारीख, आणि त्याच आवक नंबरचा संदर्भ देऊन दुसरा अर्ज.

आई-वडिलांना एक विनंती. ओळखीच्या नगरसेवकाला घेऊन डीनच्या केबिनमध्ये घुसू नका. ठाण्यात आपल्याला ती सवय आहे, गटाराचं काम असो की शाळेचं अ‍ॅडमिशन. इथे त्याने मुलाची बाजू पडते, कारण मूळ तक्रार राहते बाजूला आणि दमदाटी केली म्हणून उलटी तक्रार येते. मुलगा अठरा वर्षांचा आहे, अर्ज त्याच्या नावाने, त्याच्या सहीने जाऊ दे. तुम्ही रात्री फोन उचला, सोबत पोस्टात जा, आणि "सगळ्यांनाच सोसावं लागतं" हे वाक्य तेवढं बोलू नका. त्याच टास्क फोर्सच्या पाहणीत उत्तर देणाऱ्या पीजी विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं होतं. तुमचं मूल जेवत नसेल, फोन उचलत नसेल, "सोडून देतो सगळं" म्हणत असेल तर तक्रार नंतर, आधी त्याच्याजवळ जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

भाचीच्या समितीने तिला बोलावलं तेव्हा ती वही, शिक्क्याची प्रत आणि स्क्रीनशॉटचे प्रिंट घेऊन गेली. तिच्या बॅचमधल्या दोघी साक्ष द्यायला आल्या, तिसरी येते म्हणाली होती पण आली नाही, आणि भाची तिच्यावर रागावलेली नाही. लॉगबुक आता दुसऱ्या मॅडम तपासतात, सहा आठवड्यांच्या राहिलेल्या सह्या झाल्या. वही फेकल्याच्या बाबतीत मात्र रिपोर्टमध्ये एवढंच आलं की "संबंधितांना समज देण्यात आली". तिला ते मान्य नाही. रिपोर्ट हातात पडल्यापासून लोकपालाकडे जायचे १५ दिवस येत्या गुरुवारी संपतात, अपील आम्ही सोमवारीच टाकतोय.